मेममेकरने कॉन्फिग.सिस बदलली: नव्या ओळी वाचायच्या कशा, ठेवायचं काय, मागे घ्यायचं काय

मेममेकर, म्हणजे एमएस-डॉसमधला मेमरी मोकळी करून देणारा प्रोग्रॅम, चालवून झाला, मशीन दोनदा रीस्टार्ट झालं, पडद्यावर मोकळी मेमरी वाढल्याचा तक्ताही आला. मग सहज म्हणून एडिट या डॉसच्या संपादकात कॉन्फिग.सिस, म्हणजे बूट होताना कोणते ड्रायव्हर चढवायचे ते सांगणारी फाईल, उघडली, तर आपण नीटनेटकी लिहिलेली फाईल ओळखू येत नाही. साध्या 'डिव्हाइस=' ओळींच्या जागी 'डिव्हाइसहाय /एल:१,१२०४८ =' असं काहीतरी आलंय. बरोबरचं चिन्ह भलत्याच जागी आहे, स्वल्पविराम आहेत, अर्धविराम आहेत, आकडे आहेत. नवखा माणूस इथे हमखास एक चूक करतो. फाईल बिघडली असं समजून तो ती हाताने 'साफ' करायला बसतो.

फाईल बिघडलेली नसते. त्या आकड्यांत मेमरीचा हिशोब असतो. तो वाचता आला की कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे आपोआप कळतं.

इथे सगळ्या कमांड आणि फायलींची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. मशीनवर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. '/एल' म्हणजे तिरकी रेघ आणि ते एक अक्षर, '/यूएनडीओ' म्हणजे तिरकी रेघ आणि ती चार अक्षरं.

हे कोणत्या मशीनला लागू आहे

मेममेकर एमएस-डॉस ६.० बरोबर १९९३ साली आला आणि ६.२२ पर्यंत राहिला. त्याला ३८६ किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि एक्स्टेंडेड मेमरी, म्हणजे १ एमबीच्या वरची मेमरी, लागते. २८६ मशीनवर तो चालत नाही. विंडोज चालू असताना, विंडोजच्या डॉस खिडकीतूनही तो चालवायचा नसतो. आधी विंडोजमधून पूर्ण बाहेर पडायचं.

आज जुनं डॉस बहुतेक जण एम्युलेटरवर चालवतात. ८६बॉक्स किंवा पीसीईएमसारख्या, अख्ख्या मशीनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये खरं एमएस-डॉस बसवलं असेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू आहे. डॉसबॉक्सचं तसं नाही. त्यात डॉस त्याचं स्वतःचंच असतं, मेमरीची सोय त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या फाईलमधून होते आणि तिथे मेममेकरला करण्यासारखं काही उरत नाही.

मेमरीचा नकाशा, कामापुरता

पहिले ६४० केबी म्हणजे कन्व्हेन्शनल मेमरी. डॉसचे प्रोग्रॅम इथे चालतात आणि टंचाई असते ती इथेच. त्यावरचे ३८४ केबी, म्हणजे १ एमबीपर्यंतचा भाग, ही अप्पर मेमरी. तिथे व्हिडिओ कार्ड, त्याचा बायॉस, मशीनचा बायॉस असे लोक आधीच मुक्काम ठोकून असतात, पण मधे मोकळ्या जागा राहतात. ईएमएम३८६ हा डॉसचा ड्रायव्हर त्या मोकळ्या जागांवर रॅम आणून बसवतो. अशा रॅम असलेल्या तुकड्यांना यूएमबी म्हणतात. मेममेकरचं काम एवढंच की ६४० केबीत बसलेले ड्रायव्हर आणि टीएसआर (चालू होऊन मेमरीतच बसून राहणारे प्रोग्रॅम) उचलून या तुकड्यांत बसवायचे.

पत्ते सोळा-अंकी (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या) पद्धतीने लिहितात. ए००० ते एएफएफएफ ग्राफिक्ससाठी, बी००० ते बी७एफएफ मोनोक्रोम मजकुरासाठी, बी८०० ते बीएफएफएफ रंगीत मजकुरासाठी. साध्या व्हीजीए मशीनवर सी००० ते सी७एफएफमध्ये व्हीजीए बायॉस आणि एफ०००पासून वर मशीनचा बायॉस असतो. मधे दुसरं कोणतंही कार्ड नसेल, तर सी८०० ते ईएफएफएफ असा १६० केबीचा सलग पट्टा मिळतो. एक्स्पांडेड मेमरी (काही जुने प्रोग्रॅम एका खिडकीतून वापरतात ती जास्तीची मेमरी) हवी असेल तर तिची ६४ केबीची खिडकी, म्हणजे पेज फ्रेम, याच पट्ट्यातून जाते आणि ९६ केबी उरतात.

एखादं नेटवर्क कार्ड डी००० ते डी३एफएफ हा १६ केबीचा भाग अडवून बसलं, तर पट्ट्याचे दोन तुकडे होतात. खाली ३२ केबी, वर ११२ केबी. या सलग तुकड्यांना डॉस 'रीजन' म्हणतं आणि त्यांना १, २, ३ असे क्रमांक देतं. क्रमांक ० म्हणजे कन्व्हेन्शनल मेमरी. हे क्रमांक लक्षात ठेवा, कारण नव्या ओळींतले आकडे तेच आहेत.

चालवण्याआधी

पहिलं काम प्रती काढण्याचं. मेममेकर कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट (बूट होताना आपोआप चालणाऱ्या कमांडची फाईल) या दोन्ही बदलतो. जुन्या फाईली तो स्वतः कॉन्फिग.यूएमबी आणि ऑटोएक्झेक.यूएमबी या नावांनी ठेवतो, पण त्यावर विसंबू नका. पुढच्या वेळी चालवल्यावर तो तीच नावं वापरतो. दुसऱ्यांदा चालवला की तुमची हाताने लिहिलेली मूळ फाईल गेली आणि तिच्या जागी मेममेकरनेच बदललेली पहिली फाईल राहिली. म्हणून:

कॉपी सी:\कॉन्फिग.सिस सी:\कॉन्फिग.मूळ
कॉपी सी:\ऑटोएक्झेक.बॅट सी:\ऑटोएक्झेक.मूळ

'मूळ'च्या जागी तीन रोमन अक्षरांचं कोणतंही एक्स्टेन्शन चालेल. फक्त बीएके आणि ओएलडी टाळा, कारण इतर सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर हीच नावं सर्रास वापरतात आणि तुमच्या प्रतीवर आपली प्रत लिहून मोकळे होतात. विंडोज असेल तर सिस्टिम.आयएनआय या फाईलचीही प्रत काढा. मेममेकर गरज पडली तर तीही बदलतो आणि जुनी सिस्टिम.यूएमबी म्हणून ठेवतो.

एक बूट होणारी फ्लॉपी तयार ठेवा. 'फॉरमॅट ए: /एस' केल्यावर तिच्यावर एडिट आणि त्याला लागणारा क्यूबेसिक टाका. डॉस ६ मधला एडिट क्यूबेसिकशिवाय उघडतच नाही, हे ऐन वेळी कळलं तर फार मनस्ताप होतो.

मग ऑटोएक्झेक.बॅट शेवटपर्यंत वाचा. शेवटी विंडोज किंवा एखादा मेनू सुरू करणारी ओळ असेल तर तिच्यासमोर 'रेम' लिहून ती तात्पुरती बंद करा. एखादी दुसरी बॅच फाईल 'कॉल'शिवाय बोलावलेली असेल तर तिच्यापुढे 'कॉल' लावा. कारण साधं आहे. रीस्टार्ट झाल्यावर काम पुढे नेण्यासाठी मेममेकर ऑटोएक्झेकच्या शेवटी स्वतःला हाक मारणारी ओळ घालतो. 'कॉल' नसलेली बॅच फाईल एकदा सुरू झाली की नियंत्रण परत येत नाही, आणि ती ओळ चालतच नाही. त्याशिवाय, दुसऱ्या बॅच फाईलमध्ये सुरू होणारे टीएसआर मेममेकरच्या हिशोबात येत नाहीत. ते अप्पर मेमरीत हवे असतील तर त्यांच्या ओळी थेट ऑटोएक्झेकमध्ये आणा.

शेवटी 'मेम /सी /पी' चालवून आत्ताची स्थिती कागदावर उतरवा. विशेषतः 'सर्वांत मोठा चालू शकणारा प्रोग्रॅम' हा खालचा आकडा. नंतर तुलना त्याच्याशीच करायची आहे.

चालवणं

'मेममेकर' टाइप करून एंटर. पर्याय बदलायला स्पेसबार, पुढे जायला एंटर, बाहेर पडायला एफ३. पहिला प्रश्न एक्स्प्रेस की कस्टम. पहिल्या खेपेला एक्स्प्रेस घ्या.

दुसरा प्रश्न एक्स्पांडेड मेमरीचा, आणि नव्या ओळींवर सगळ्यांत मोठा परिणाम याचाच होतो. 'नाही' म्हटलं तर ईएमएम३८६च्या ओळीत 'नोईएमएस' येतं आणि पेज फ्रेमचे ६४ केबी वाचतात. 'हो' म्हटलं तर 'रॅम' येतं. तुमच्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमला एक्स्पांडेड मेमरी लागते का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहा. माहीत नसेल तर 'नाही' म्हणा. प्रोग्रॅमने तक्रार केली तर पुन्हा चालवता येतं.

पहिल्या रीस्टार्टमध्ये तो मोजमाप करतो. कॉन्फिग.सिसमध्ये चेकस्टेट.सिस आणि ड्रायव्हरांच्या ओळींत सायझर.ईएक्सई घालून प्रत्येक ड्रायव्हर चढताना किती मेमरी घेतो आणि चढून झाल्यावर किती ठेवतो हे टिपतो. नंतर हजारो मांडण्या तपासून एक निवडतो, त्या ओळी लिहितो आणि दुसऱ्यांदा रीस्टार्ट करतो. यावेळी बूट होताना पडद्याकडे लक्ष ठेवा. एखाद्या ड्रायव्हरने नेहमीपेक्षा वेगळा संदेश दिला, तर शेवटी 'सगळं ठीक चाललंय का' या प्रश्नाला 'नाही' म्हणा. सवयीने एंटर मारू नका.

नवी ओळ वाचायची कशी

आधी अशी असेल:

डिव्हाइस=सी:\डॉस\सेटव्हर.ईएक्सई

नंतर साधारण अशी होते:

डिव्हाइसहाय /एल:१,१२०४८ =सी:\डॉस\सेटव्हर.ईएक्सई

'डिव्हाइसहाय' म्हणजे अप्पर मेमरीत चढव. '/एल:१' म्हणजे रीजन १ मध्ये. स्वल्पविरामानंतरचा १२०४८ हा बाइटमधला आकडा आहे. रीजनमध्ये निदान एवढा सलग मोकळा तुकडा असला तरच तिथे चढव, असं तो सांगतो. आकडा साधा दशमान आहे. एमएस-डॉस ५ मध्ये 'साइझ=' अशी वेगळी पद्धत होती आणि तिथे आकडा सोळा-अंकी लिहायचा, म्हणून जुन्या पुस्तकातलं उदाहरण पाहून इथला आकडा बदलू नका.

बरोबरचं चिन्ह स्विचनंतर येतं, आणि त्याआधी एक मोकळी जागा असते. दिसायला ते चुकल्यासारखं वाटतं, पण या कमांडची रचनाच तशी आहे. ते ओढून 'डिव्हाइसहाय'ला चिकटवू नका, नाहीतर त्यापुढचं '/एल' फाईलच्या नावाच्या जागी जाऊन बसतं.

ऑटोएक्झेकमध्ये ओळ अशी दिसेल:

एलएच /एल:०;१,४५४५६ /एस सी:\डॉस\स्मार्टड्रव्ह.ईएक्सई

'एलएच' हे 'लोडहाय'चं लघुरूप. '/एल:०;१,४५४५६' म्हणजे या प्रोग्रॅमला (स्मार्टड्रव्ह हा डिस्कचा कॅश आहे) कन्व्हेन्शनल आणि रीजन १, अशा दोन्ही जागा वापरायची मुभा आहे आणि रीजन १ मध्ये किमान ४५४५६ बाइट हवेत. अर्धविराम रीजन वेगळे करतो, स्वल्पविराम रीजन आणि त्याचा आकडा. ही मुभा स्पष्ट लिहावी लागते, कारण '/एल' दिल्यावर डॉस त्या प्रोग्रॅमला फक्त नाव घेतलेल्याच रीजनमध्ये वावरू देतं. '/एस' चढताना तो तुकडा दिलेल्या किमान आकाराइतका आक्रसून घेतो, म्हणजे उरलेली जागा वाया जात नाही. हा स्विच मेममेकरसाठीच आहे. हाताने लिहायच्या ओळीत तो घालायचं कारण नाही.

कॉन्फिग.सिसच्या वरच्या भागातही फरक दिसेल. हायमेम.सिस आणि ईएमएम३८६.ईएक्सई या दोन ओळी साध्या 'डिव्हाइस=' म्हणूनच राहतात, कारण अप्पर मेमरी तयार करणारे तेच आहेत आणि तयार होण्याआधी तिथे कोणी चढू शकत नाही. 'डॉस=हाय,यूएमबी' अशी एक ओळ होती, तिच्या दोन झालेल्या दिसू शकतात. 'डॉस=यूएमबी' वर, 'डॉस=हाय' खाली. दोन्ही लागतात. पहिली अप्पर मेमरीचा दुवा जोडते, दुसरी डॉसचा स्वतःचा भाग १ एमबीच्या लगेच वरच्या ६४ केबीत, एचएमएमध्ये, नेते.

'साफ' केल्यावर काय होतं

आधीच्या नेटवर्क कार्डाच्या मशीनचंच उदाहरण घेऊ. रीजन १ मध्ये ३२ केबी, रीजन २ मध्ये ११२ केबी. चढवायचे तिघे, याच क्रमाने: २८ केबीचा, ६० केबीचा आणि ४५ केबीचा.

मेममेकर २८चा रीजन १ मध्ये बसवतो. ६० आणि ४५ मिळून १०५, ते रीजन २ मध्ये मावतात. सगळे वर.

आता तुम्ही '/एल' आणि आकडे काढून फाईल 'सुटसुटीत' केलीत. '/एल' नसेल तेव्हा डॉस सर्वांत मोठा मोकळा तुकडा निवडतं. २८चा पहिला, तो सरळ ११२च्या तुकड्यात गेला, उरले ८४. ६०चाही तिथेच, उरले २४. आता ४५चा आला. एकीकडे ३२, दुसरीकडे २४. तो खाली कन्व्हेन्शनलमध्ये जाऊन पडतो. फाईल दिसायला सुबक झाली, ४५ केबी गेले, आणि कुठलाही एरर संदेश आला नाही. डॉस अशा वेळी मुकाट्याने खाली चढवतं, त्यामुळे हे 'मेम /सी' पाहिल्याशिवाय लक्षातही येत नाही.

ओळींचा क्रम बदलल्यावरही असंच होतं. मेममेकर स्वतः ड्रायव्हरांचा क्रम बदलत नाही. तुमच्या क्रमात काय बसेल तेवढं तो पाहतो. म्हणून क्रमात सुधारणा करायची असेल तर ती आधी करायची आणि मग मेममेकर चालवायचा. साधारण नियम असा की चढताना जास्त जागा मागणारे आधी. पण एक ड्रायव्हर दुसऱ्यावर अवलंबून असेल तर तो क्रम मोडायचा नाही.

ड्रायव्हरची नवी आवृत्ती टाकली, त्याला एखादा स्विच वाढवला, स्मार्टड्रव्हच्या ओळीत बदल केला, एखादं कार्ड घातलं किंवा काढलं, तर जुने आकडे शिळे झाले. हे सगळं करून झाल्यावर मेममेकर पुन्हा चालवायचा. जुने '/एल' काढून द्यायची गरज नाही, तो स्वतःच नव्याने मोजतो.

हाताने काय बदललं तर चालतं

'सेट', 'पाथ', 'प्रॉम्प्ट' यांच्या ओळी बिनधास्त बदला. त्यांचा या हिशोबाशी फारसा संबंध नाही. 'फाइल्स=' आणि 'बफर्स=' यांचे आकडे प्रोग्रॅमच्या गरजेप्रमाणे ठेवता येतात. थोडी मेमरी इकडेतिकडे होते, पण मांडणी कोसळत नाही.

नवा ड्रायव्हर घालायचा असेल तर साधी 'डिव्हाइस=' ओळ ईएमएम३८६च्या खाली लिहा, तो नीट चालतो का ते पाहा, आणि मगच मेममेकर चालवा. नव्या ओळीत दुसऱ्या ओळीतला '/एल' नक्कल करून डकवू नका.

काही ड्रायव्हर खालीच बरे असतात. 'डिव्हाइस=' म्हणून, '/डबल_बफर' स्विचसह असलेली स्मार्टड्रव्हची ओळ त्यातली एक. ती तशीच राहू द्या. ऑटोएक्झेकमधली स्मार्टड्रव्हची ओळ वेगळी, तिचं काम वेगळं. एकाच फाईलची दोन्हीकडे नोंद पाहून एक 'जास्तीची' म्हणून उडवू नका.

एखादा ड्रायव्हर वर चढला की अडखळतो असं दिसलं, तर त्याच एका ओळीचं 'डिव्हाइसहाय /एल... =' काढून 'डिव्हाइस=' करा आणि बूट करून पाहा. प्रश्न सुटला तर मेममेकर पुन्हा कस्टममध्ये चालवा आणि 'कोणते ड्रायव्हर घ्यायचे ते मी सांगतो' या पर्यायाला 'हो' म्हणून तो एक वगळा. नुसती ओळ बदलून सोडलीत, तर पुढच्या खेपेला मेममेकर त्याला पुन्हा वर नेईल.

फाईल कशात उघडता हेही महत्त्वाचं. एडिट चालेल, विंडोजमधला नोटपॅड किंवा सिसएडिट चालेल. वर्ड प्रोसेसर नको. तो आपल्या सजावटीच्या खुणा फाईलमध्ये मिसळतो आणि डॉसला त्या ओळी कळत नाहीत. एम्युलेटरची डिस्क लिनक्सवरून उघडून फाईल लिहीत असाल तर ओळीच्या शेवटाकडे लक्ष द्या. डॉसला ओळ संपताना दोन खुणा लागतात, लिनक्सचे संपादक एकच टाकतात. त्यासाठी युनिक्स२डॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो फाईलवरून फिरवा.

नेमकं काय बदललं ते पाहणं

डोळ्यांनी दोन फाईली ताडत बसू नका. डॉसमध्ये 'एफसी' आहे:

एफसी /एन सी:\कॉन्फिग.मूळ सी:\कॉन्फिग.सिस

'/एन' ओळींचे क्रमांक दाखवतं. बाहेर येणारं लांब असेल तर शेवटी उभी रेघ आणि 'मोअर' लावा. त्यानंतर 'मेम /एफ' चालवा. कोणत्या रीजनमध्ये किती जागा उरली ते दिसतं. एखाद्याच प्रोग्रॅमबद्दल शंका असेल तर 'मेम /एम' आणि त्याचं नाव. तो कोणत्या रीजनमध्ये किती बसलाय ते कळतं. '/एल:०;१'सारखी ओळ खरी वाटत नसेल तर हे करून पाहा, आकडे समोर येतील.

मशीन अडकलं तर

मेममेकरच्या रीस्टार्टमध्ये मशीन थिजलं तर घाबरू नका. बंद करून पुन्हा चालू करा. आपलं काम अर्धवट राहिलं हे मेममेकरला कळतं आणि तो सौम्य सेटिंग्ज घेऊन पुन्हा प्रयत्न करायचा की सगळं रद्द करायचं असं विचारतो.

तिथपर्यंतही पोचत नसेल तर 'स्टार्टिंग एमएस-डॉस' हे शब्द दिसताच एफ५ दाबा. दोन्ही फाईली वगळून मशीन उघडं-बोडकं सुरू होतं. एफ८ दाबलं तर कॉन्फिग.सिसची एकेक ओळ विचारून चालवतं. कोणत्या ओळीला थिजतं ते शोधायला हेच उत्तम. 'हो' म्हटल्यावर मशीन जिथे गप्प होतं, ती दोषी ओळ.

दोषी बहुतेक वेळा ईएमएम३८६ची ओळ निघते. त्यात 'हायस्कॅन' दिसलं तर ते आधी काढा. मेममेकरने जागा आक्रमकपणे शोधताना ते घातलेलं असतं, आणि काही मशीनवर खरंतर वापरात असलेला बायॉसचा भाग मोकळा समजून त्यावर रॅम बसते. मग कस्टममध्ये 'अप्पर मेमरी आक्रमकपणे तपासू का' याला 'नाही' म्हणून पुन्हा चालवा.

नेटवर्क किंवा स्कझी कार्ड मधेच बंद पडत असेल तर त्याच्या जागेवर कुणीतरी चढलंय असं समजा. कार्डाच्या पुस्तिकेत पत्ता पाहून ईएमएम३८६च्या ओळीत तो भाग वगळा. उदाहरणार्थ 'एक्स=डी०००-डी३एफएफ'. पुन्हा मेममेकर चालवताना 'सध्याच्या वगळलेल्या जागा तशाच ठेवू का' याला 'हो'. नाहीतर तुम्ही घातलेली ओळ तो पुसून टाकेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

मोनोक्रोमचा भाग, बी००० ते बी७एफएफ, वापरायला दिला तर ३२ केबी मिळतात, पण विंडोज सुरू होताना अडू शकतं. त्यावर उपाय म्हणून डॉसच्या डिरेक्टरीत मोनोयूएमबी.३८६ ही फाईल असते. सिस्टिम.आयएनआयच्या ३८६एन्ह विभागात तिची 'डिव्हाइस=' ओळ घालावी लागते. मोनोक्रोम मॉनिटरच असेल तर हा पर्याय विसरा.

मागे जाणं

'मेममेकर /यूएनडीओ' ही शेवटची खेप उलटवते. ती निव्वळ जुन्या फाईली जागेवर आणून ठेवते, ओळी निवडून उलटवत नाही. मधल्या काळात तुम्ही किंवा एखाद्या इन्स्टॉलरने त्या फाईलींत जे काही घातलं असेल ते सगळं त्याबरोबर जातं. म्हणून आधी आत्ताच्या फाईलींची वेगळ्या नावाने प्रत, मग '/यूएनडीओ', मग 'एफसी'ने तुलना करून हव्या त्या ओळी परत घालायच्या. पहिल्याच फाईलीपर्यंत जायचं असेल तर सुरुवातीला काढलेली 'मूळ' प्रत कॉपी करा आणि रीस्टार्ट करा.

काही जुने इन्स्टॉलरही या नव्या ओळींसमोर गोंधळतात. ते 'डिव्हाइस=' शोधतात, 'डिव्हाइसहाय /एल...' त्यांना दिसत नाही, मग तोच ड्रायव्हर दुसऱ्यांदा घालून ठेवतात. असं सॉफ्टवेअर बसवताना आधी 'मूळ' फाईली जागेवर आणा, बसवा, नव्या फाईलींची पुन्हा 'मूळ' प्रत काढा आणि मेममेकर चालवा. एवढी उठाठेव कंटाळवाणी आहे खरी, पण एकच ड्रायव्हर दोनदा का चढतो हे शोधत बसण्यापेक्षा स्वस्त.

मेनू असलेली कॉन्फिग.सिस

बूट होताना निवड देणारी, विभाग पाडलेली कॉन्फिग.सिस असेल तर मेममेकर तिच्यावर थेट चालवू नका. एका निवडीसाठी केलेला हिशोब दुसरीला लागू नसतो.

कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट वेगळ्या नावांनी बाजूला ठेवा. पहिल्या निवडीत खरोखर चालणाऱ्या ओळी, म्हणजे कॉमन (सगळ्या निवडींत चालणारा) विभाग आणि त्या निवडीचा विभाग, एवढ्याच घेऊन मेनू नसलेली साधी कॉन्फिग.सिस बनवा. ऑटोएक्झेकमधूनही 'गोटू %कॉन्फिग%' आणि इतर निवडींच्या ओळी काढा. रीस्टार्ट, मेममेकर, आणि निकालाच्या दोन्ही फाईली पहिल्या निवडीच्या नावाने जपा. दुसऱ्या निवडीसाठी हेच पुन्हा.

शेवटी सगळं एका मेनूच्या फाईलीत जोडताना एक गोष्ट चुकते. कॉमन विभागातल्या ड्रायव्हरांच्या ओळींना आता प्रत्येक निवडीत वेगळे '/एल' आकडे मिळालेले असतात. त्या ओळी कॉमनमध्ये ठेवून भागत नाही. त्या तिथून काढून प्रत्येक विभागात त्या-त्या आकड्यांसह लिहायच्या. ईएमएम३८६ची ओळसुद्धा, कारण एका निवडीत 'नोईएमएस' आणि दुसरीत 'रॅम' असेल तर रीजनच वेगळे पडतात. कॉमनमध्ये मग हायमेम आणि 'फाइल्स='सारख्या, सगळीकडे सारख्या असलेल्या ओळी राहतात. ऑटोएक्झेकमधल्या 'एलएच' ओळींचंही तसंच, प्रत्येक निवडीच्या लेबलखाली तिची तिची ओळ. जोडून झालं की प्रत्येक निवडीने एकदा बूट करून 'मेम /सी /पी' पाहा आणि आकडा त्या निवडीच्या सुट्या फाईलीच्या वेळच्या आकड्याशी ताडा. दोनचार केबीचा फरक सोडून द्या. दहा-वीसचा असेल तर एखादी ओळ भलत्या विभागात किंवा भलत्या क्रमात गेलेली आहे.